अटकेचा कागद कन्नडमध्ये, पक्षकार मराठी: रिमांडला उभं राहण्याआधी

६ नोव्हेंबर २०२५ नंतर झालेल्या कुठल्याही अटकेत वकिलाने सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. अटकेची कारणं लेखी दिली का? आणि दिली असतील तर ती या माणसाला समजणाऱ्या भाषेत आहेत का? गुन्हा काय, कलम जामीनपात्र का अजामीनपात्र, फिर्यादी कोण, हे सगळं नंतर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या कोर्टांत दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. इथल्या पोलीस स्टेशनचा कागद कन्नडमध्ये तयार होतो आणि तो ज्याच्या हातात पडतो तो बऱ्याचदा मराठी शाळेत शिकलेला असतो.

ही तारीख सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाची आहे: मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र सरकार. वरळीच्या गाडी अपघात प्रकरणातून तो वर गेला. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या खंडपीठाने चार गोष्टी ठरवून दिल्या. अटकेची कारणं कळवणं घटनेच्या कलम २२(१) प्रमाणे बंधनकारक आहे, आणि ते फक्त मनी लाँडरिंगच्या पीएमएलए किंवा दहशतवादविरोधी यूएपीए कायद्यापुरतं नाही, सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. ती कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. अटकेच्या वेळी किंवा लगेच नंतर लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण लेखी कागद वाजवी वेळेत आणि काही झालं तरी रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडला पाहिजे. हे पाळलं नाही तर अटक आणि त्यापुढचा रिमांड दोन्ही बेकायदा, माणूस सोडावा लागेल. तोंडी सांगण्याची सवलत पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारामारी किंवा चोरी होते तसल्या प्रसंगासाठी आहे. जिथं कागदपत्रांवरून तपास चालू आहे आणि नोटिसा आधीच गेल्यात, तिथं अटकेच्या क्षणीच कागद द्यायला हवा. पतसंस्थेच्या अपहाराच्या केसमध्ये 'घाईत लिहायला वेळ मिळाला नाही' हे उत्तर चालत नाही.

तालुका कोर्टात अजून बरेच जण हा मुद्दा 'भाषेचा हक्क' म्हणून मांडतात. तसं करू नका. कर्नाटकात खालच्या कोर्टांची भाषा कन्नड आहे आणि ती ठरवायचा अधिकार बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३०७ ने राज्य सरकारला दिलेला आहे. त्यावर भांडून रिमांड कोर्टात काहीही मिळत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथंच राहू द्या. अर्जात त्याचा वासही नको. आपला मुद्दा अगदी लहान आहे: स्वतःचा बचाव करता यावा म्हणून माणसाला अटकेचं कारण कळलं पाहिजे, आणि ज्या लिपीतलं एक अक्षर वाचता येत नाही त्या लिपीतल्या कागदाने ते कळत नाही. हाच मुद्दा पलीकडेही तसाच लागू होतो. जतच्या एखाद्या कन्नड भाषिकाला महाराष्ट्र पोलिसांनी मराठी कागद दिला तर तिथल्या वकिलाने हेच म्हणायचं.

मुद्दा नवा नाही. स्थानबद्धतेच्या प्रकरणांत हे कधीच ठरलंय. १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र सरकार मध्ये कागद इंग्रजीत होता, माणसाला इंग्रजी येत नव्हतं. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितलं होतं, पण तेवढ्याने भागत नाही असं कोर्ट म्हणालं. १९८१ च्या लल्लूभाई जोगीभाई पटेल मध्ये गुजराती माणसाच्या बाबतीत तेच झालं. 'आम्ही मराठीत समजावून सांगितलं' असं तपासी अधिकारी म्हणाला तर हे दोन निकाल पुढे ठेवा. ते स्थानबद्धतेच्या कलम २२(५) वरचे आहेत, आपला मुद्दा २२(१) चा आहे, हा फरक स्वतःहून सांगून टाका. एपीपीने (सरकारी वकिलाने) सांगण्याआधी आपण सांगितलेला बरा.

कागद हातात आला की

पोलीस देतात तो प्रत्येक कागद 'अटकेची कारणं' नसतो. साधारण चार कागद मिळतात. पहिला अटक मेमो, बीएनएसएसच्या कलम ३६ प्रमाणे (पुढे नुसतं कलम लिहिलंय तिथं हाच कायदा). त्यावर वेळ, ठिकाण, घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, आणि खाली आरोपीची सही. दुसरा नातेवाइकांना कळवल्याचा, कलम ४८ चा. तिसरा कलम ३५ ची चेकलिस्ट: पुन्हा गुन्हा करू नये म्हणून, पुरावा नष्ट करू नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव आणू नये म्हणून, असं छापलेलं आणि पुढे टिक केलेलं. चौथा, असला तर, खरा कारणांचा कागद.

तिसऱ्या आणि चौथ्याची गल्लत इथं फार होते. चेकलिस्टमध्ये असतात ती अटक का गरजेची याची सर्वसाधारण कारणं, ती कुठल्याही आरोपीला चिकटवता येतात. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांनी दोन्हीतला फरक स्पष्ट केलाय. अटकेच्या कारणांत या माणसाने काय केलं म्हणतात ते यायला हवं: कुठल्या तारखेला, कुणाबरोबर, कुठल्या कृत्यामुळे, त्याच्याविरुद्ध आत्ता हातात काय पुरावा आहे. ज्या कागदात पक्षकाराचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तरी तो तसाच लागू पडतो, तो कारणांचा कागद नव्हे. फक्त गुन्हा नंबर आणि बीएनएसची (भारतीय न्याय संहितेची) कलमं लिहिली असतील तरी तोच दोष. एफआयआरची प्रत दिली म्हणून काम झालं असं पोलीस सांगतात. ज्याचं नाव एफआयआरमध्येच नाही, नंतरच्या जबाबावरून ज्याला उचललं, त्याला एफआयआर वाचून काय कळणार?

पत्नीला किंवा भावाला कळवलं म्हणजे आरोपीला कळवलं असंही होत नाही. विहान कुमार विरुद्ध हरियाणा (७ फेब्रुवारी २०२५) मध्ये हे स्पष्ट आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारणं कळवली हे सिद्ध करायचा बोजा पोलिसांवर आहे. कारणं कळवली नाहीत असा आरोपीने मुद्दा घेतला की पोलिसांनी दाखवायचं. नंतर दोषारोपपत्र दाखल झालं म्हणून तो दोष धुऊन निघत नाही.

आता भाषा. इथं एक कागद बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो, तो म्हणजे अटक मेमोची शेवटची ओळ. वर सगळा मजकूर कन्नड, आणि खाली आरोपीची सही देवनागरीत, 'शं. मा. पाटील' अशी मोठ्या, थोड्या वाकड्या अक्षरांत. पोलिसांच्याच कागदावर, पोलिसांच्याच समोर केलेली ही सही म्हणजे तो कुठली लिपी लिहितो याचा पहिला पुरावा. तिच्या शेजारी पावतीची वेळ लिहिली आहे का बघा. बऱ्याचदा वेळेची जागा कोरी असते, किंवा अटकेची आणि कागद मिळाल्याची वेळ एकच, एकाच पेनाने लिहिलेली असते. 'कारणं वाचून सांगितली' असा छापील शेरा असेल तर कुणी वाचून सांगितलं, कुठल्या भाषेत, त्याचं नाव आणि सही कुठं आहे? शेरा असतो, नाव नसतं.

घरच्यांना फोनवरच एक गोष्ट सांगून ठेवा. आरोपीला सही करायला सांगितली तर नकार देऊन भांडत बसू नये. सही करावी आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरात लिहावं: कागद मिळाला, तारीख, वेळ, मला कन्नड वाचता येत नाही. एवढी एक ओळ पुढच्या दहा पानी युक्तिवादाला पुरते. अर्थात ती खरी असेल तरच लिहायची.

कारण उलट बाजूही बघायला हवी. बेळगाव शहरात वाढलेला, व्यापार करणारा, कन्नड अस्खलित बोलणारा पक्षकार असेल तर? बोलता येणं आणि वाचता येणं यात फरक आहे हे खरं, पण तो फरक दाखवावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला काढा, त्यात माध्यम लिहिलेलं असतं. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क कार्डावर प्रथम भाषा मराठी दिसते, पण तेच कार्ड आपल्यावर उलटू शकतं. मराठी माध्यमाच्या मुलाने कन्नड विषय म्हणून घेतलेला असतो आणि त्याचे गुण त्याच कार्डावर असतात. ऐंशी गुण पडलेले असतील तर एपीपी ते दाखवणारच. याशिवाय पक्षकाराने ग्रामपंचायतीला, हेस्कॉम या वीज कंपनीला, तहसीलदाराला आधी कन्नडमध्ये सहीनिशी अर्ज दिलेत का, दुसऱ्या केसमध्ये कन्नड प्रतिज्ञापत्र केलंय का, हे त्याच्या घरच्यांना खोदून विचारा. ज्याला कन्नड वाचता येतं त्याच्यासाठी भाषेचा मुद्दा घेऊच नका. कारणं लेखी नाहीत, दोन तास आधी दिली नाहीत, कारणांऐवजी चेकलिस्ट दिली, हे मुद्दे तरीही उरतात. खोटा मुद्दा एकदा उघडा पडला की त्या मॅजिस्ट्रेटसमोर आपले पुढचे दहा खरे मुद्देही हलके होतात.

निरक्षर पक्षकाराचं काय, हा प्रश्न हमखास येतो. लेखी कागद त्याच्या भाषेत असावाच, शिवाय तो वाचून दाखवणाऱ्याचं नाव आणि सही असावी, आणि प्रत घरच्या वाचता येणाऱ्या माणसाकडे जावी. अंगठा कन्नड कागदावर उठवून घेतला असेल तर हाच आग्रह धरा.

वेळ सिद्ध कशी करायची

दोन तास मोजायचे तर दोन्ही टोकं पक्की हवीत. हजर केल्याची वेळ मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डर शीटवर येते, पण ती लिहिली जाईल असं धरून चालू नका, लिहायची विनंती करा. कागद मिळाल्याची वेळ पावतीवर. अटकेची खरी वेळ हा तिसरा आणि सगळ्यात वादाचा भाग. सकाळी नऊला घरातून 'जरा चौकशीला' म्हणून नेलं आणि मेमोवर संध्याकाळी सहा लिहिलं, हे नवीन नाही. त्यासाठी पाहायच्या गोष्टी: कलम ५३ प्रमाणे झालेली वैद्यकीय तपासणी आणि तिची वेळ, तिची प्रत आरोपीला मिळायला हवी, घरच्यांच्या फोनमधल्या कॉलच्या वेळा, आणि पोलीस स्टेशनचं सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी (२०२०) च्या निकालाप्रमाणे पोलीस स्टेशनचं चित्रण अठरा महिने ठेवायचं, निदान एक वर्ष तरी. पण ते 'उपलब्ध नाही' व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पहिल्याच रिमांडला चित्रण जपून ठेवण्याचा वेगळा, अर्ध्या पानाचा अर्ज द्या, त्यात तारीख आणि तासांची कक्षा नेमकी लिहा. 'सर्व चित्रण' असं मागितलं तर कोर्ट नाकारतं.

झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण कलम १०५ ने सक्तीचं झालंय. त्याची प्रत मागा. त्यात पोलीस आरोपीशी कुठल्या भाषेत बोलत होते ते ऐकू येतं. शिपाई मराठीत विचारतोय, आरोपी मराठीत उत्तर देतोय, आणि महजर (पंचनामा) मात्र कन्नडमध्ये, तर भाषेचा मुद्दा पोलिसांच्याच पुराव्यावर उभा राहिला.

अर्ज

रिमांडच्या वेळी द्यायचा अर्ज दीड पानापेक्षा मोठा नको. रविवारी संध्याकाळी मॅजिस्ट्रेटच्या निवासस्थानी उभं करतात तेव्हा पाच पानं कुणी वाचत नाही. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहा. मजकुराचा क्रम असा ठेवा: अटकेची तारीख-वेळ मेमोप्रमाणे आणि आमच्या म्हणण्याप्रमाणे, कुठले कागद दिले, कुठल्या भाषेत, किती वाजता, आरोपी कुठल्या भाषेत शिकला, कुठली लिपी वाचतो, सोबत दाखला, दिलेल्या कागदात आरोपीपुरती विशिष्ट कारणं नाहीत हे एका वाक्यात, मग कायदा, बीएनएसएस कलम ४७, घटना कलम २२(१), मिहीर शाह, शेवटी मागणी: रिमांड नाकारून सोडावं, आणि पर्यायाने, आरोपीला थेट विचारून त्याचं उत्तर ऑर्डर शीटवर नोंदवावं.

ही पर्यायी मागणी सोडू नका. मॅजिस्ट्रेटने आरोपीला मराठीत विचारलं, 'तुला कशासाठी धरलंय ते लिहून दिलं का? हा कागद वाचून दाखव', आणि तो वाचू शकला नाही, अशी नोंद झाली की पुढे हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात वेगळा पुरावा लागत नाही. नोंद झाली नाही तर वर सगळे म्हणणार की आरोपीने तक्रार केलीच नव्हती. जे ऑर्डर शीटवर नाही ते कोर्टात घडलंच नाही असं धरून चाला. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर बेंच क्लार्कचा शिक्का आणि वेळ घ्या. अर्ज घेतला नाही तर त्याच दिवशी ई-मेलने किंवा ई-फायलिंगने पाठवा, वेळ तरी उरते.

एपीपी उत्तर देताना साधारण तीन गोष्टी म्हणतात. एक, तोंडी सांगितलं आणि केस डायरीत नोंद आहे. डायरीतली नोंद म्हणजे आरोपीच्या हातात गेलेला कागद नव्हे. दोन, रिमांड अर्जात सगळी कारणं आहेत. तो अर्ज कोर्टासाठी असतो, कोर्टातच दिला जातो, आणि दोन तासांची अट ज्यासाठी घातली, म्हणजे वकिलाशी बोलून रिमांडला विरोध करता यावा, तेच त्यात निघून जातं. तीन, आणि हे कर्नाटकात हटकून येतं: कन्नड अभिनेता दर्शनचं खून प्रकरण. १४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने कर्नाटक हायकोर्टाने दिलेला जामीन रद्द करताना म्हटलं की लेखी कारणं दिली नाहीत एवढ्यावरून अटक आपोआप बेकायदा ठरत नाही, त्यामुळे आरोपीचं नुकसान झालं हे दाखवावं लागतं.

याला सरळ उत्तर तारखेचं आहे. मिहीर शाह मध्ये कोर्टाने ही पद्धत यापुढच्या अटकांना लागू होईल असं म्हटलंय. म्हणजे ६ नोव्हेंबर २०२५ आधीच्या अटकेत दर्शन निकाल तुमच्या वाटेत येतो आणि नुकसान दाखवावं लागतं: वकील भेटला नाही, रिमांडला विरोध करता आला नाही, कुठल्या आरोपासाठी आत आहे हेच माहीत नव्हतं. त्यानंतरच्या अटकेत तुम्ही मिहीर शाह वर उभे राहा. तरीही दोन ओळी नुकसानीवर लिहूनच ठेवा. दोन्ही निकाल दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठांचे आहेत, आणि वाद घालणारा घालणारच.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत याच्याही आधीची पायरी तपासायला विसरू नका. कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस दिली होती का? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस चालत नाही, सत्येंद्र कुमार अंटिल मध्ये जानेवारी २०२५ ला हे सांगितलं आणि जुलैत हरियाणाचा बदलाचा अर्ज फेटाळला. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि आरोपी साठीच्या वरचा किंवा अशक्त असेल तर डीवायएसपींची आधी परवानगी हवी, कलम ३५(७). शेतीच्या बांधावरून झालेल्या मारामारीत आजोबांनाही उचलतात, तिथं हे कलम कामाला येतं.

सुटका झाली तरी

पक्षकाराला आणि विशेषतः त्याच्या घरच्यांना आधीच समजावून सांगा की बेकायदा अटकेवरून सुटणं म्हणजे केस संपणं नव्हे. मिहीर शाह निकालानेच पोलिसांना वाट ठेवलीय: लेखी कारणं देऊन, उशीर का झाला आणि कोठडी का हवी हे सांगून ते पुन्हा अर्ज करू शकतात, आणि मॅजिस्ट्रेटने शक्यतो आठवड्याभरात त्यावर निर्णय द्यायचा. कलम १८७ प्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलग असावी लागत नाही, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी घेता येते. त्यामुळे सुटकेचा आदेश हातात पडला की त्याच दिवशी जामिनाचा अर्ज तयार असायला हवा. पेढे वाटत बसलं की चौथ्या दिवशी पुन्हा हिंडलगा तुरुंगाच्या दारात.

मॅजिस्ट्रेटने मुद्दा फेटाळला तर? रिमांडचा आदेश अंतरिम आदेश मानला जातो, त्यावर रिव्हिजन टाकून वेळ घालवू नका. धारवाड खंडपीठात कलम ५२८ खाली याचिका, किंवा अटकच बेकायदा म्हणून घटनेच्या कलम २२६ खाली रिट, हे रस्ते आहेत. सोबत ऑर्डर शीटची प्रमाणित नक्कल, अटक मेमो, चेकलिस्ट, कारणांचा कागद, आणि प्रत्येक कन्नड कागदाचं इंग्रजी भाषांतर. भाषांतर स्वतः करून खाली 'खरं भाषांतर' म्हणून सही करायची सवय ज्युनिअर मंडळींनी लावून घ्यावी. ऐन वेळी टायपिस्टकडून करून घेतलेल्या भाषांतरात 'आरोपी' चा 'साक्षीदार' होतो.

हद्द ओलांडून आलेली अटक

सीमेवरच्या वकिलीत दुसरा मोठा भाग हा. महाराष्ट्राच्या वॉरंटवर निपाणीत अटक झाली. कलम ८२ प्रमाणे जिल्ह्याबाहेर वॉरंट बजावलं तर आरोपीला त्या हद्दीतल्या कार्यकारी मॅजिस्ट्रेटकडे किंवा तिथल्या पोलीस अधीक्षक-आयुक्तांकडे न्यायला हवं. अपवाद असा की वॉरंट काढणारं कोर्ट अटकेच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आत असेल, किंवा त्या मॅजिस्ट्रेट-अधिकाऱ्यापेक्षा जवळ असेल, तर सरळ तिकडे नेता येतं. इथं भूगोल कायद्याला भिडतो: कागल कोर्टाच्या वॉरंटवर निपाणीत धरलं तर तीस किलोमीटरच्या आतच आहे, सरळ नेलं म्हणून ओरडून उपयोग नाही. कोल्हापूरच्या कोर्टाचं वॉरंट असेल तर मात्र अंतर मोजा. आणि अंतर रस्त्याने मोजायचं नसतं. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ११ प्रमाणे ते सरळ रेषेत मोजतात, गुगल मॅपवर गाडीचा रस्ता दाखवलात तर एपीपी हसेल. त्याच कलम ८२ मध्ये आता अटकेची माहिती त्या जिल्ह्यातल्या आणि आरोपी नेहमी राहतो त्या जिल्ह्यातल्या नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्यांना द्यायची सक्ती आहे. ती दिली का हे विचारून ठेवा. वॉरंटशिवाय उचलून नेलं असेल तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तास, कलम ५८. शिनोळीहून चंदगडला जायला किती वेळ लागतो हे त्या भागातल्या मॅजिस्ट्रेटना सांगावं लागत नाही. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून गाडी गेली असेल तर तिथली वेळही मागता येते.

पलीकडे एफआयआर, राहणं इकडे, आणि अटकेची भीती. पक्षकार 'ट्रान्झिट बेल' मागतो. प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक (२० नोव्हेंबर २०२३) प्रमाणे दुसऱ्या राज्यातल्या एफआयआरमध्ये इथलं सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्ट मर्यादित मुदतीचं अंतरिम संरक्षण देऊ शकतं, पूर्ण अटकपूर्व जामीन नाही. पहिल्याच तारखेला पलीकडच्या तपासी अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना नोटीस, आंतरराज्य अटकेच्या भीतीबद्दल कारणांसहित आदेश, आणि अर्जदाराचा इथल्या हद्दीशी खरा संबंध: घर, नोकरी, धंदा. आधार कार्डावरचा पत्ता जुना असेल तर वीज बिल, दुकानाचं लायसन्स जोडा. पण सगळ्यात अवघड अट शेवटची आहे: ज्या कोर्टाची हद्द आहे तिथं थेट का जाता येत नाही हे पटवायचं. बंगळूरहून राजस्थानला जायचं असेल तर पटवणं सोपं. बेळगावहून कोल्हापूर जिल्ह्यात जायचंय म्हटल्यावर न्यायाधीश पहिलाच प्रश्न हा विचारतात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतंय. म्हणून जिवाला धोका, आजारपण, अपंगत्व यापैकी ठोस काही, त्याच्या कागदासह, नसेल तर इथं अर्ज टाकून दोन दिवस घालवू नका. सरळ पलीकडच्या सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन टाका. माझं मत विचाराल तर सीमाभागात दहातल्या आठ प्रकरणांत हाच रस्ता लवकरचा.

खटला उभा राहिल्यावर भाषेचे प्रश्न संपत नाहीत, पण तिथली साधनं ठरलेली आहेत. आरोप वाचून समजावून सांगायचे असतात, कलम २६३. पुरावा आरोपीला न समजणाऱ्या भाषेत नोंदवला तर त्याला समजणाऱ्या भाषेत भर कोर्टात सांगायचा, कलम ३१४. दोन्ही वेळा 'आरोपीला मराठीत समजावलं' अशी नोंद मागून घ्या, कोर्ट सहसा नाही म्हणत नाही. मराठी पंचाने कन्नड महजरवर सही केली असेल तर उलटतपासणीत एवढंच विचारा: हा मजकूर कोणी लिहिला, तुम्ही वाचला का, कुणी वाचून दाखवला, कुठल्या भाषेत. चार प्रश्न विचारून खाली बसा. पाचवा प्रश्न विचारला की पंच सावरतो.

आणि पलीकडे उभं राहायचं तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३० आहे, कर्नाटकात सनद असली तरी महाराष्ट्रातल्या कोर्टात चालते. वकीलपत्रावर तिथल्या एका वकिलाचंही नाव घ्या, नकला आणि तारखा त्यामुळे सुटसुटीत होतात. वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट त्या राज्याचं लागतं. कर्नाटकाचं तिकीट लावलेलं वकीलपत्र घेऊन गेलात तर ऑफिस हरकत काढणार, आणि अटकपूर्व जामिनाच्या अर्जात एक दिवस तिथंच जाणार.